डाव्या नळीचा खटका

माझ्या दुकानाची पायरी चढणारा माणूस पहिलं वाक्य एकच बोलायचा : "रिकामी आहे." नमस्कार नंतर, नाव नंतर, तक्रार त्याच्याही नंतर. मी मान डोलवायचो, बंदूक हातात घेऊन नळी कोपऱ्यातल्या वाळूच्या पोत्यांकडे करायचो आणि उघडून बघायचो. काही माणसं दुखावायची. "विश्वास नाही का आमच्यावर?" मी सांगायचो, माणसावर आहे, वाक्यावर नाही. लोणावळ्यात चाळीसेक वर्षं बंदुका दुरुस्त केल्या. एवढ्या काळात रिकाम्या म्हणून आलेल्या तीन बंदुका भरलेल्या निघाल्या. त्यातली एक निवृत्त न्यायाधीशांची होती.

आम्ही शिकलगार. पूर्वज तलवारींना धार लावायचे, वडील कात्र्या आणि अडकित्त्यांना लावायचे. मी बंदुकीच्या दुरुस्तीचा परवाना काढला तेव्हा घरच्यांना वाटलं, घराणं पुन्हा वर आलं. प्रत्यक्षात माझा निम्मा दिवस सरकारी रजिस्टर भरण्यात जायचा आणि उरलेला गंज काढण्यात. लोणावळ्याचा पाऊस हा माझा खरा धंदा. तो नसता तर मला पुस्तकं वाचायला आणखी वेळ मिळाला असता.

गिऱ्हाईकं तीन तऱ्हेची. पहिले शेतकरी. पीकसंरक्षणाचा परवाना, एकनळी बंदूक, आणि भाताच्या खाचरात शिरणारी रानडुकरं. हे लोक कमी बोलायचे आणि तक्रार नेमकी सांगायचे. दुसरे बंगलेवाले. त्यांना बंदूक भिंतीवर हवी असायची, पण "चालू स्थितीत". का, ते त्यांनाही माहीत नसायचं. तिसरी जुनी घराणी. यांच्या बंदुकीबरोबर एक वाघ यायचा. आजोबांनी मारलेला. मावळातल्या आजोबांनी मारलेले सगळे वाघ मी मनात मोजायला लागलो होतो. एका टप्प्यावर लक्षात आलं की त्या काळी इथे माणसांना उभं राहायलाही जागा उरली नसेल. मग मोजणं सोडून दिलं.

आप्पासाहेब तिसऱ्या तऱ्हेतले. मळवलीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी त्यांचा मोठा बंगला. नवा, पण दाराशी दोन तोफा ठेवलेल्या. तोफा सिमेंटच्या. बंदूक मात्र अस्सल होती. विलायती, बारा बोअरची दुनळी, शंभरीला टेकलेली. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचं लाकूड, अक्रोडाचा, असा की हात फिरवावासा वाटावा. चांगली वस्तू चांगल्या माणसाकडेच असते असा काही नियम नाही, हे मी फार पूर्वी स्वीकारलं होतं.

ती घेऊन आप्पासाहेब आले ते श्रावणात. सोबत त्यांचा राखणदार, गौतम साळवे. परवान्यावर मालकाखेरीज राखणदाराचं नाव लागतं. बंदूक शेतात नेणं, पुसणं, भरणं, रिकामी करणं, सगळं तोच करतो. साळवे भाजे गावचा. पन्नाशीचा, शांत माणूस. त्याची बायको सुमन त्याच बंगल्यावर घरकामाला होती.

"शिकलगार," आप्पासाहेब म्हणाले, "एक चाप ओढला की कधीकधी दोन्ही बार निघतात. आता यात खरं तर दोष नाही. हे तिचं तेज आहे. पण आमचे व्याही घाबरले."

"व्याही कुठं उभे होते?"

"बाजूलाच. त्यांचा स्वभावच भित्रा."

साळवे मागे उभा होता. मालक फोनवर बोलायला बाहेर गेले तसा तो पुढे सरकला.

"चाचा, ते सोडा. खरी गोष्ट येगळीच हाय. ती बंद करताना कदी कदी आतून टक करती. मालकास्नी सांगितलं, तर म्हंत्यात, कुलूप बसल्याचा आवाज हाय."

"टक नंतर चाप ओढून बघितलास?"

"बघितला. डावा मोकळा लागतो. आत कायच न्हाई असा."

मी बंदूक उघडीच ठेवली. का, ते सांगायला थोडं आत शिरावं लागेल.

अशा बंदुकीत घोडे बाहेर दिसत नाहीत. दोन नळ्यांचे दोन घोडे आत लपलेले. बंदूक उघडली की ते मागे ताणले जातात आणि तसेच थांबतात. त्यांना थांबवून धरतो एक लहानसा पोलादी खटका. घोड्याला एक खाच असते, तिच्यात खटक्याचं टोक अडकतं. ही पकड तांदळाच्या दाण्याच्या जाडीइतकीही नसते. चाप ओढला की खटका खाचेतून निसटतो, घोडा आदळतो, बार होतो. म्हणजे बंदुकीचं सगळं शहाणपण त्या एवढ्याशा पकडीत. आणि लोक ज्या सेफ्टीच्या भरवशावर बिनधास्त असतात, ती फक्त चापाला रोखते, घोड्याला नाही. खटका आपणहून निसटला, तर सेफ्टी लावलेली असो वा नसो.

साळवे सांगत होता ते हेच, आणि दोन्ही बार एकदम निघायचे तेही याचमुळे. बंदूक मिटताना जो हादरा बसतो तेवढ्यानं डावा खटका निसटत होता. त्या वेळी नळीत काडतूस असतं तर ती टक नसती, बार असता. बोट चापापासून चार अंगुळं लांब असताना.

बंदूक ठेवून घेतली. खोलली तेव्हा आत खंडेनवमी भेटली. आपल्याकडे शस्त्राची पूजा होते ती व्हावी, पण देवाला वाहावं तसं बंदुकीला वाहतात. वर्षानुवर्षांचं खोबरेल आत शिरून थंडीत थिजत आलेलं, त्यात हळद, कुंकू आणि फुटक्या अक्षता. ते सगळं मेणासारखं घट्ट होऊन खटक्यांच्या खाली बसलं होतं. मला हायसं वाटलं. कारण सापडलं. कारण सापडलं की कारागीर विचार करायचा थांबतो, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

सगळं धुतलं, पुसलं. डाव्या खटक्याची कमान, म्हणजे स्प्रिंग, मऊ पडली होती, ती बदलली. खाच भिंगाखाली पाहिली, कड शाबूत होती. मग खोटी काडतुसं घालून बंदूक मिटायला लागलो. हळू, जोरात, आपटून. पन्नास वेळा, शंभर वेळा. दस्त्यावर रबरी हातोडीनं ठोकलं. दोन्ही खटके खिळल्यासारखे. दीड महिना ती माझ्या कपाटात होती. त्या कपाटात मी बारा महिने एक दिवा जळत ठेवायचो, म्हणजे दमट हवेनं गंज चढत नाही. मधून मधून काढून पुन्हा तपासायचो. एकदाही टक नाही.

नवरात्र बसायच्या सुमाराला साळवे येऊन बंदूक घेऊन गेला. मी त्याला दहा वेळा मिटून दाखवली. तो म्हणाला, "चाचा, आता बरं वाटलं." मलाही बरं वाटलं. त्या समाधानाची आठवण आजही नको वाटते.

त्या साली पाऊस जाता जाईना. आठ दिवस धो धो. खंडेनवमीच्या सकाळी शेजारच्या चिक्कीच्या दुकानातल्या वहिनी नेहमीप्रमाणे ताट घेऊन आल्या. माझ्या व्हाइसला आणि हत्यारांना हळदकुंकू लावायचा त्यांचा शिरस्ता होता. "चाचा, तुमची लहान हत्यारं पण काढा, त्यांनी काय पाप केलंय?" म्हणून मी लाकडी खण ओढला.

खण निघेना. एरवी बोटानं सरकायचा. आठ दिवसांच्या दमटपणानं फुगून तो चौकटीत घट्ट बसला होता. मी ओढतोय, वहिनी हसतायत. आणि ओढता ओढता माझा हात थांबला.

लाकूड.

खटक्याला मागे एक शेपटी असते. ती दस्त्याच्या लाकडात कोरलेल्या खाचेत वरखाली हलते. चाप तिलाच ढकलतो. शंभर वर्षांचं अक्रोड, वर तेल प्यायलेलं. ते फुगलं की खाच आवळते, शेपटी चिमटते आणि खटका घोड्याच्या खाचेत पुरता बसत नाही. नुसता टोकावर उभा राहतो. अक्षता आणि खोबरेल होतंच, पण तो अर्धा रोग होता. उरलेला अर्धा मी दीड महिना कपाटात दिव्याखाली वाळवत ठेवला होता, आणि वाळल्यावर तपासून बरा झाला म्हणून सांगितलं होतं. ती बंदूक आता आठ दिवस ओढ्याकाठच्या बंगल्यात होती.

"चाचा, काय झालं? चेहरा का असा?" वहिनी म्हणाल्या.

"खंडेनवमीला भरलेली बंदूक पूजतात का हो कुणी?" मी विचारलं. प्रश्न मलाच होता. उत्तरही माहीत होतं. आप्पासाहेबांनी एकदा मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं : आमच्या घराण्यात रिकाम्या शस्त्राची पूजा होत नाही. रिकामा कलश मांडतो का आपण? काडतुसं घालूनच पाटावर ठेवतात. हवेत बार काढणं आता गुन्हा आहे, म्हणून बार काढत नाहीत. भरून ठेवायला मात्र हरकत कोण घेणार? मी तेव्हा मान डोलवली होती. गिऱ्हाइकाच्या घराण्यापुढे मान डोलवायची सवय लागलेली असते.

फोन लावला. आप्पासाहेबांचा वाजत राहिला. साळवेचा बंद. पुन्हा आप्पासाहेबांचा, तेव्हा कुणीतरी उचलून म्हणालं, "साहेब पूजेच्या गडबडीत आहेत, संध्याकाळी करा," आणि ठेवून दिला. मी तिसऱ्यांदा लावला तेव्हा तोही बंद.

दुपारी लोकल नसतात. त्याआधीची शेवटची मिळाली. लोणावळा ते मळवली एकच स्टेशन. ते एवढं लांब असतं हे मला माहीत नव्हतं. गाडी मधे सिग्नलला थांबली. समोरचे आजोबा डोंगरातल्या धबधब्यांबद्दल काही सांगत होते आणि मी हो हो म्हणत होतो. डोक्यात एकच हिशेब : बंदूक पाटावर आडवी, नळ्या कुणीकडे? पूजेला लोक बसतात कुणीकडे? आणि नारळ. पूजा झाली की नारळ फोडतात. पाटाशेजारी, फरशीवर, दगडावर आपटून. रबरी हातोडीनं मी जे शंभर वेळा करून पाहिलं होतं, तेच आप्पासाहेब आज जिवंत काडतुसांवर करणार होते. माझ्या भरवशावर.

मळवलीहून रिक्षा मिळाली. ओढ्यावरच्या फरशीपुलावरून पाणी जात होतं. रिक्षावाला म्हणाला, "हितनं फुडं न्हाई जायाचं, आबा." उरलेलं चाललो. त्या वयात धावणं म्हणजे चालण्याचाच एक केविलवाणा प्रकार असतो. पण धावलो.

दिवाणखान्यात तीसेक माणसं. पाटावर रेशमी वस्त्र, त्यावर तलवार, कट्यार आणि दुनळी. दुनळीच्या तोंडासमोर सतरंजी अंथरलेली, तिच्यावर पाहुणे मांडी घालून बसलेले. पहिल्या रांगेत व्याही. भित्रा म्हणून ज्यांची ख्याती झाली होती ते नेमके तिथे. आप्पासाहेब फेटा बांधून पाटामागे. फोटोवाला एका गुडघ्यावर. साळवे भिंतीला लागून उभा. तो पूजेत बसायचा नाही, त्याचं काम शस्त्र आणून ठेवण्यापुरतं.

मी त्याच्याजवळ जाऊन हळूच विचारलं, "भरली आहे?"

"व्हय. सकाळीच."

"तिला हात लाव आणि उघड. आत्ता."

"चाचा, पूजेला मांडल्यावर मालकाबिगर कुणी हात लावायचा न्हाई. मागं एकानं लावला त्याला कामावरनं काढलं."

आप्पासाहेबांच्या हातात नारळ होता. ओरडलो असतो तर काय झालं असतं? तीस माणसं एकदम उठली असती, पाटाला धक्का लागला असता. मी आयुष्यात मोठेपणाच्या हौसेला पुष्कळ हसलो आहे. त्या दिवशी तीच कामाला आली. मी फोटोवाल्याच्या कानाशी वाकलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "उजेड खिडकीतून साहेबांच्या मागून येतोय. चेहरा काळा येईल. पाहुणे त्या बाजूला घेतले तर फेट्याचा रंग उठून दिसेल."

आप्पासाहेबांचा नारळ हवेत थांबला. "काळा येईल?"

फोटोवाल्यानं कॅमेऱ्यात पाहिलं. देव त्याचं भलं करो. "येतोय जरा."

"मंडळी, जरा इकडं सरका! व्याहीबुवा, तुम्ही आधी. हळू. हां, असे."

सतरंजी रिकामी होईपर्यंत मी नारळ धरलेल्या हाताकडेच पाहत होतो. शेवटी नळ्यांसमोर फक्त भिंत उरली आणि भिंतीवर आप्पासाहेबांच्या आजोबांची तसबीर. मग मी पुढे झालो.

"आप्पासाहेब, नारळ फोडू नका. बंदुकीचं माझं काम चुकलंय. डावा खटका धरत नाही. हादऱ्यानं बार होईल."

तोवरच्या धंद्यात हे वाक्य मी एकट्या गिऱ्हाइकासमोरही कधी म्हटलं नव्हतं.

"आत्ता सांगताय? मुहूर्तावर?" त्यांचा आवाज चढला. "तुम्हीच शंभर वेळा तपासली म्हणालात ना?"

"म्हणालो. वाळलेली तपासली. आता ती फुगलीय."

"बंदूक फुगते?" कुणीतरी हसलं. "शिकलगार, वय झालं तुमचं. बसा, प्रसाद घेऊन जा." आणि त्यांनी नारळाचा हात पुन्हा वर नेला.

तेवढ्यात साळवे भिंतीपासून सुटला. घाई नाही, आवाज नाही. गुडघ्यावर बसला, दोन्ही हातांनी बंदूक अलगद उचलली, नळ्या तसबिरीकडेच ठेवल्या आणि उघडली. दोन्ही काडतुसं अर्धी वर आली. ती त्यानं काढून माझ्या तळहातावर ठेवली.

"गौतम!" आप्पासाहेब ओरडले.

आम्ही दोघंही तिकडे पाहत नव्हतो. काडतुसाच्या बुडाशी एक लहान पितळी टोपी असते, घोडा तिच्यावर आदळतो. उजव्या काडतुसाची टोपी गुळगुळीत होती. डाव्याच्या टोपीवर मधोमध खळगा होता. खोल, स्वच्छ, नव्यासारखा चकचकीत.

म्हणजे डावा घोडा आधीच पडला होता. बार झाला होता, फक्त निघाला नव्हता. काडतूस जुनं, बंगल्यातल्या दमट कपाटात राहिलेलं. ते पेटलं नाही.

"कोरीच घातली होतीस?" मी विचारलं.

"कोरीच. डब्यातनं काढली तवा दोनी टोप्या गुळगुळीत व्हत्या."

"कधी पडला असेल?"

साळवेनं त्या खळग्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "सकाळी भरून मिटली तवा टक झाली व्हती. बारीक. मला वाटलं, तुमी नीट केलीया, तर कुलपाचाच आवाज असंल." त्यानं रिकाम्या सतरंजीकडे पाहिलं. "माजी बायकू तितं सतरंजी अंथरत व्हती. वाकून. माज्या फुडं, दोन हातावर."

आप्पासाहेबांनी पूजा पुरी केली. नारळ फोडला, फोटो निघाले. खळग्याचं मी त्यांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे काही झालं नाही ना? मग झालं तर." व्याही मात्र जेवायला थांबले नाहीत. त्यांच्याबद्दल माझा आदर वाढला.

बंदूक मी परत आणली. या वेळी कपाटात ठेवली नाही. पडवीत, पागोळ्यांपासून हातभर अंतरावर टांगली. आठवड्यानं आत घेतली आणि पहिल्याच वेळी मिटताना टक झाली. दस्ता उतरवून शेपटीची खाच मोकळी केली. काम असं की चहा निवण्याआधी उरकावं. त्यानंतर दुकान बंद करेपर्यंत प्रत्येक जुनी बंदूक मी आधी पडवीत भिजल्या हवेत टांगत असे आणि मग तपासत असे. लोक म्हणायचे, शिकलगार म्हातारा झाला, बंदुका वाळत घालतो. त्याआधीच्या वर्षांत माझ्या कपाटात वाळून, तपासून, बऱ्या म्हणून किती गेल्या असतील, हा विचार अजूनही पहाटे जाग आली की येतो. रजिस्टरात नावं आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांकडे मी नंतर स्वतः जाऊन आलो. सगळ्यांकडे नाही. काही गेले, काहींच्या मुलांनी बंदुका कुठे दिल्या ते कळलं नाही.

दिवाळीनंतर साळवे दुकानात आला. परवान्यावरून राखणदार म्हणून नाव कमी करायचं होतं, अर्ज लिहून हवा होता. मी कागद ओढला.

"कारण काय लिहू?"

"काय लिवत्यात?"

"वैयक्तिक कारणास्तव. सरकारला ते आवडतं. पुढचे प्रश्न येत नाहीत."

"लिवा मग."

मी लिहिलं. त्यानं सही केली, हळूहळू, एकेक अक्षर. मी विचारलं, "साळवे, घरी सांगितलंस?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. "तिला झोप चांगली लागती, चाचा. लागू द्या. माजी गेली तेवढी बास झाली." मग म्हणाला, "तुमच्यावर राग न्हाई. तुमी धावत आलता."

राग असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. त्याचं काहीतरी करता आलं असतं.

सुमन बाहेर बाकावर बसली होती. बाजार करून आली होती, पिशवी मांडीवर. तिनं दारातून डोकं आत घातलं.

"झालं का न्हाई अजून? एक कागुद लिवायला दोगं बाप्ये, आन् वर गप्पा. लोकल चुकली म्हंजी मी न्हाई चालत जायाची, सांगून ठिवते. तुमीच घ्या मला खांद्यावर."

"आलो, आलो," साळवे म्हणाला.

"आलो म्हंत्यात आन् जागचं हलत न्हाईत. चाचा, तुमी तरी हाकला ह्यांस्नी!"

मी हाकललं. ती रस्ताभर त्याला बोलत गेली. तो पिशवी घेऊन एक पाऊल मागून चालत होता. वळणापर्यंत तिचा आवाज येत होता. मी दारात उभा राहून तो संपेपर्यंत ऐकला.